वृद्धांची शुश्रूषा आणि सरकारी विमा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या मेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आठवड्यांत आपण देवाचे आभार मानले व पूर्वजांचें स्मरण केलें. आजचा मेळावा पुढील काळाचा विचार करण्यासाठीं आहे. आपल्या धर्मग्रामांत नर्सिंगचें शिक्षण घेतलेल्या मुली पुष्कळ आहेत. हल्लीं कांहीं मुलगेही त्या शिक्षणाकडे वळत आहेत. यांपैकीं कित्येकांची दृष्टि परदेशाकडे, त्यांतही अमेरिकेकडे, असते. "फादर, तिकडे म्हातारे लोकच सांभाळावे लागतात म्हणे, मग एवढें शिकून काय उपयोग?" असा प्रश्न माझ्या कानांवर अनेकदां येतो. त्या प्रश्नाचें नीट उत्तर देणें हाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

या प्रश्नाच्या मुळाशीं दोन समजुती आहेत. पहिली ही कीं, शस्त्रक्रियागृहांत काम करणारी नर्स तीच खरी शिकलेली, आणि वृद्धांची शुश्रूषा म्हणजे केवळ आंघोळ घालणें व कपडे बदलणें. दुसरी ही कीं, ज्या देशांत वृद्धांच्या औषधोपचाराचा खर्च सरकार देतें, तेथें वृद्धांची चिंता उरलेलीच नाहीं. या दोन्ही समजुती खऱ्या नाहींत. सरकारी विमा पैसे देतो. परंतु ते पैसे कोठें सुरू होतात, कोठें संपतात, आणि जेथें ते संपतात तेथें त्या वृद्ध मनुष्याचें काय होतें, हें प्रत्यक्ष पाहणारी व्यक्ति बहुधा नर्सच असते. म्हणून या कामाला हाताइतकीच बुद्धि लागते, आणि बुद्धीइतकेंच अंतःकरण लागतें.

विमा आणि शुश्रूषा यांचा संबंध अमेरिकेंत बराच जुना आहे. १८९३ सालीं लिलियन वाल्ड नांवाच्या एका तरुण नर्सनें न्यूयॉर्क शहरांतील गरीब वस्तींत राहून, घरोघर जाऊन, आजाऱ्यांची सेवा करण्यास आरंभ केला. पुढें हेन्री स्ट्रीट येथील तिची संस्था प्रसिद्धीस आली. १९०९ सालीं मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीनें आपल्या आजारी विमेदारांच्या घरीं या संस्थेच्या नर्सेस पाठविण्याची व्यवस्था केली. नर्स वेळेवर घरीं गेली तर मनुष्य वांचतो, आणि मनुष्य वांचला तर कंपनीचाही पैसा वांचतो, असा तो सरळ हिशेब होता. ही सेवा पुढें अनेक शहरांत पसरली व १९५३ पर्यंत चालली.

परंतु हा विमा मुख्यतः कमावत्या कुटुंबांचा होता. काम सुटलेल्या वृद्धाला विमा कोण देणार? म्हातारपण म्हणजे आजार आणि आजार म्हणजे खर्च. असा ग्राहक कंपन्यांना नको असे. १९६५ पूर्वीं अमेरिकेसारख्या संपन्न देशांतही पासष्ट वर्षांवरील जवळजवळ निम्म्या लोकांजवळ इस्पितळाचा विमा नव्हता.

ही उणीव भरून काढण्यासाठीं ३० जुलै १९६५ रोजीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं मिसुरी राज्यांतील इंडिपेंडन्स या गांवीं मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. तें गांव मुद्दाम निवडलें होतें. कारण राष्ट्रीय आरोग्यविमा असावा अशी सूचना १९४५ सालीं करणारे माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन तेथें राहत होते. मेडिकेअरचें पहिलें कार्ड त्यांनाच देण्यांत आलें. १ जुलै १९६६ पासून प्रत्यक्ष लाभ सुरू झाला, व सुमारें एक कोटी नव्वद लाख वृद्ध या योजनेंत आले. आज, १९७२ च्या दुरुस्तीनें समाविष्ट झालेले अपंग व मूत्रपिंडाचे रोगी धरून, ही संख्या साडेसहा कोटींच्या वर आहे. ज्या इस्पितळांना या योजनेचे पैसे हवे होते त्यांना गोऱ्या व काळ्या रुग्णांचे वेगळे विभाग ठेवणें सोडून द्यावें लागलें, हेंही त्या कायद्याचें एक सत्फल होय.

आतां या व्यवस्थेंत नर्सचें काम कोठें व कसें असतें तें पाहूं.

पहिलें ठिकाण इस्पितळ. ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअरनें असा नियम केला कीं, रोगी इस्पितळांत आल्यानंतर त्याला खोल शय्याव्रण झाले, किंवा तेथें पडून त्याचें हाड मोडलें, तर त्या वाढीव उपचाराचे जादा पैसे इस्पितळाला मिळणार नाहींत. शय्याव्रण म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानें पाठीला, कमरेला किंवा टांचेला पडणारी जखम. ती टाळण्याचें मुख्य साधन नर्सचे हात व डोळे हेंच आहे. ठराविक वेळानें कूस बदलणें, कातडी तपासणें, ओलें अंथरूण तत्काळ काढणें, पोटांत पुरेसें अन्न जातें कीं नाहीं तें पाहणें, हा तो उपाय. ज्या कामाला लोक हलकें म्हणतात, त्याची किंमत सरकारच्या हिशेबवहींत लिहिली गेली ती अशी.

ऑक्टोबर २०१२ पासून दुसरा नियम आला. हृदयाची दुर्बलता, हृदयविकाराचा झटका, न्यूमोनिया अशा विकारांचे रुग्ण घरीं गेल्यावर तीस दिवसांच्या आंत अपेक्षेहून अधिक प्रमाणांत परत येऊं लागले, तर त्या इस्पितळाला मिळणारी रक्कम कमी केली जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील नर्सिंगच्या प्राध्यापिका मेरी नेलर यांनीं त्यापूर्वींच प्रयोगानें दाखविलें होतें कीं, अनुभवी नर्सनें रोग्याची इस्पितळांतच ओळख करून घेतली व पुढें त्याच्या घरीं जाऊन लक्ष ठेवलें, तर असे परत येणारे रोगी कमी होतात. हृदय दुर्बल झालेल्या वृद्धानें रोज सकाळीं वजन करावें. दोन-तीन दिवसांत तें एकाएकीं वाढलें तर अंगांत पाणी सांचल्याचें लक्षण समजून त्वरित कळवावें. एवढी एक गोष्ट त्याच्या मनांत नीट भरवून दिल्यानें कित्येकदां रुग्णवाहिकेची फेरी टळते. ती भरवून देण्यासाठीं त्याची भाषा, त्याची दृष्टि, त्याचें विस्मरण, सर्व ओळखावें लागतें.

दुसरें ठिकाण नर्सिंग होम. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचें लहान खाजगी इस्पितळ. अमेरिकेंत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथें तें वृद्धांचें निवासी शुश्रूषागृह असतें. मांडीचें हाड मोडून शस्त्रक्रिया झालेला वृद्ध पुन्हा चालावयास शिकण्यासाठीं तेथें जातो. मेडिकेअर पहिल्या वीस दिवसांचा खर्च पूर्ण देते. एकविसाव्या दिवसापासून शंभराव्या दिवसापर्यंत रोज ठराविक रक्कम रोग्याच्या वाट्याला येते. त्यापुढें मेडिकेअर कांहीं देत नाहीं. शिवाय मूळ मेडिकेअरमध्यें या लाभासाठीं आधीं लागोपाठ तीन दिवस इस्पितळांत दाखल असावें लागतें. दुःखाची गोष्ट ही कीं, इस्पितळाच्या खाटेवर तीन रात्री काढलेला मनुष्य कागदोपत्रीं 'दाखल' नसून केवळ 'निरीक्षणाखालीं' असूं शकतो. खाट तीच, औषध तेंच, नर्स तीच. परंतु त्या एका शब्दामुळें पुढील शुश्रूषागृहाचा खर्च त्याच्या माथीं येतो. "आईला दाखल केलें आहे कीं निरीक्षणाखालीं ठेवलें आहे, तें आजच विचारा," असें त्याच्या मुलीला सांगणारी जाणती नर्स भेटली, तर त्या कुटुंबाला निदान डोळे उघडे ठेवून निर्णय करतां येतो.

या शुश्रूषागृहांतील गैरप्रकारांविषयीं फार ओरड झाल्यावर १९८७ सालीं कडक कायदा झाला. रोग्याला शिक्षा म्हणून किंवा नोकरांच्या सोयीसाठीं खाटेला बांधून ठेवण्यास त्या कायद्यानें मनाई केली. मदतनीसांना निदान पंचाहत्तर तासांचें शिक्षण सक्तीचें झालें. प्रत्येक रहिवाशाचें चालणें, गिळणें, स्मरण, वेदना, मनाची उदासी यांची ठराविक नमुन्यांत तपासणी होऊं लागली. आणि ती तपासणी पूर्ण झाल्याची सही नोंदणीकृत नर्सची असते. ही सही म्हणजे केवळ कारकुनी नव्हे. तिच्यावरून त्या मनुष्याच्या शुश्रूषेची योजना ठरते.

तिसरें ठिकाण रोग्याचें स्वतःचें घर. ज्याला घराबाहेर पडणें फार कष्टाचें झालें आहे अशा वृद्धाच्या घरीं मेडिकेअरच्या खर्चानें नर्स जाते. सामान्यतः तो घरीं परतल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आंत पहिली भेट व्हावी असा नियम आहे. त्या भेटींत ती नाडी व रक्तदाब तर पाहतेच. पण न्हाणीघराची निसरडी फरशी, जिन्याचा मोडका कठडा, रिकामा फ्रिज, एकाच औषधाच्या दोन नांवांच्या दोन बाटल्या, हेंही पाहते. इस्पितळांत बसलेल्या डॉक्टरांना जें कधींच दिसणार नाहीं तें तिला दिसतें. या भेटीबद्दल रोग्याला कांहीं द्यावें लागत नाहीं. परंतु ही भेट थोड्या वेळाची असते, आणि ती रोज होईलच असें नाहीं.

चौथें ठिकाण मरणोन्मुखांची शुश्रूषा. लंडनमध्यें १९६७ सालीं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापणाऱ्या सिसिली साँडर्स या प्रथम नर्स होत्या व मागाहून डॉक्टर झाल्या. त्यांच्या विचारांनीं प्रभावित होऊन येल विद्यापीठाच्या नर्सिंग विभागाच्या प्रमुख फ्लॉरेन्स वाल्ड यांनीं आपलें पद सोडलें, व १९७४ सालीं कनेक्टिकट राज्यांत अमेरिकेंतील पहिलें हॉस्पिस सुरू करण्यांत पुढाकार घेतला. १९८२ च्या कायद्यानें मेडिकेअर अशा सेवेचाही खर्च देऊं लागली. रोग आपल्या गतीनें गेला तर सहा महिन्यांपेक्षां अधिक आयुष्य नाहीं, असें दोन डॉक्टरांनीं लिहून दिलें म्हणजे हा लाभ सुरू होतो. येथें उद्देश रोग हटविण्याचा नसून वेदना शमविण्याचा, श्वास सुकर करण्याचा व कुटुंबाला धीर देण्याचा असतो. मृत्यु लांबविण्याचा अट्टाहास नाहीं, आणि तो ओढून आणण्याचें पापही नाहीं. आपल्या ख्रिस्तसभेची शिकवण याहून निराळी नाहीं.

अधिक शिकूं इच्छिणाऱ्यांसाठींही येथें वाव आहे. ज्या वर्षीं मेडिकेअरचा कायदा झाला त्याच १९६५ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत लॉरेटा फोर्ड ही नर्स व डॉक्टर हेन्री सिल्व्हर यांनीं, रोग्याची तपासणी व उपचार स्वतः करूं शकणाऱ्या उच्चशिक्षित नर्सेस तयार करण्यास आरंभ केला. त्यांना नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात. १९९७ च्या कायद्यानें मेडिकेअर त्यांना थेट मोबदला देऊं लागली. तो डॉक्टरांच्या दराच्या शेंकडा पंचाऐंशी असतो. आज अमेरिकेंतील कित्येक वृद्धांची नियमित तपासणी याच नर्सेस करतात. वृद्धांची शुश्रूषा पत्करल्यानें शिक्षण वाया जातें, असें आतां कोण म्हणेल?

दुसऱ्या समजुतीकडे वळूं. इतका मोठा विमा असूनही अमेरिकेंतील वृद्ध निश्चिंत आहे काय? नाहीं. ज्याला केवळ आंघोळीला, जेवायला, कपडे घालायला व सोबतीला माणूस हवें आहे, त्याच्या त्या गरजेसाठीं मेडिकेअर पैसे देत नाहीं. त्या मदतीचा खर्च कुटुंबानें करावा. आणि सांठविलेली पुंजी जवळजवळ संपली म्हणजे गरिबांसाठीं असलेल्या मेडिकेड या दुसऱ्या योजनेकडे जावें, अशी तेथील रीत आहे. विमा जखमेचे पैसे देतो, एकाकीपणाचे देत नाहीं. ही खिंड मुलगी भरते, शेजारीण भरते, किंवा थोड्या मजुरीवर राबणारी, बहुधा दुसऱ्या देशांतून आलेली, मदतनीस भरते.

बंधुभगिनींनो, हें सर्व दूरच्या देशाचें वर्णन म्हणून ऐकूं नका. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या भारत सरकारनेंही आयुष्मान भारत योजनेखालीं सत्तर वर्षें व त्यावरील सर्व वृद्धांना, मग ते गरीब असोत वा श्रीमंत, इस्पितळांतील उपचारांसाठीं कुटुंबामागें वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण दिलें आहे. जीं कुटुंबें आधींच या योजनेंत होतीं, त्यांतील सत्तरीच्या पुढील माणसांना आणखी वेगळे पांच लाख मिळतात. कार्ड आधारच्या साहाय्यानें काढतां येतें. ही मोठीच सोय आहे, आणि तिचा लाभ आपल्या प्रत्येक पात्र वृद्धानें घ्यावा.

परंतु तिचीही सीमा ओळखा. हा विमा इस्पितळांत दाखल झालेल्यांचा आहे. दाखल होण्यापूर्वींचे तीन दिवस व घरीं सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, एवढ्यांतील तपासण्या व औषधें त्यांत येतात. सोळाव्या दिवशीं काय? मांडीचें हाड बसविलेली आजी घरीं खाटेवर आहे. मुलगा आखातांत आहे, मुलगी कॅनडांत आहे. सून नोकरीस जाते. आणि ब्यूरोतून आणलेल्या बाईला कूस कशी बदलावी हें कोणीं शिकविलेलें नाहीं. रोज घरीं येणाऱ्या नर्सचे पैसे या कार्डावर मिळत नाहींत. पांच लाखांची शस्त्रक्रिया उत्तम व्हावी, आणि महिन्याभरांत शय्याव्रणानें त्या आजीचे हाल व्हावेत, असें आपल्या घरीं घडूं नये. ही सोळाव्या दिवसाची जबाबदारी आपली आहे.

आतां तरुणांना चार व्यावहारिक गोष्टी सांगतों. जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. तो मान्यताप्राप्त संस्थेंतच करा, आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्यें नोंदणी करण्यास विसरूं नका. अमेरिकेंत नोंदणीकृत नर्स होण्यासाठीं एनक्लेक्स नांवाची परीक्षा द्यावी लागते. प्रमाणपत्रांची छाननी व इंग्रजीची परीक्षा त्यांखेरीज. परीक्षा उत्तीर्ण झालें म्हणजे लगेच विमानांत बसलें असें होत नाहीं. आपल्या देशांतील अर्जदारांची रांग कित्येक वर्षांची असते. म्हणून दलालाच्या गोड बोलण्यावर भुलून घर गहाण टाकूं नका. करारनामा सहीपूर्वीं जाणत्याकडून वाचवून घ्या. नोकरी मध्येंच सोडल्यास किती दंड, हें कलम आधीं पाहा. आणि वाट पाहण्याचीं वर्षें फुकट घालवूं नका. येथेंच वृद्धांच्या शुश्रूषेचा अनुभव घ्या. तो तेथेंही उपयोगी पडेल, व तेथें जाणें न झालें तरी येथें त्याची गरज वाढतच जाणार आहे.

या कामाच्या प्रतिष्ठेविषयीं ज्यांना अजून शंका असेल त्यांनीं संत जान ज्यूगां हिचें चरित्र आठवावें. १८३९ च्या हिवाळ्यांत फ्रान्स देशांतील ब्रिटनी प्रांतांत या गरीब, वयाच्या पन्नाशीकडे झुकलेल्या स्त्रीनें एका अंध व पंगु वृद्धेला आपल्या घरीं आणलें, तिला स्वतःचा बिछाना दिला, आणि स्वतः माळ्यावर निजूं लागली. त्या एका बिछान्यापासून 'गरिबांच्या लहान भगिनी' हा वृद्धसेवेचा संघ निर्माण झाला. ११ ऑक्टोबर २००९ रोजीं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं तिला संत म्हणून घोषित केलें. तिच्याजवळ विम्याचें कार्ड नव्हतें, सरकारी अनुदान नव्हतें. आज आपल्याजवळ दोन्ही आहेत. मग तिच्यापेक्षां कमी करून आपलें कसें चालेल?

शेवटीं या महोत्सवानिमित्त माझी एक विनंति आहे. आपल्या धर्मग्रामांत सेवानिवृत्त नर्सेस आहेत; सुट्टीवर आलेल्या आहेत; शिकत असलेल्या आहेत. त्यांनीं एकत्र यावें आणि तीन कामें अंगावर घ्यावीं. पहिलें, सत्तरीच्या पुढील प्रत्येक व्यक्तीची नोंद करून तिचें कार्ड काढून द्यावें. दुसरें, इस्पितळांतून घरीं आलेल्या प्रत्येक वृद्धाच्या घरीं दोन दिवसांच्या आंत एक फेरी, व सोळाव्या दिवशीं दुसरी फेरी घालावी. तिसरें, प्रत्येक घरांतील निदान एका माणसाला, मग ती सून असो, नातू असो वा कामाची बाई असो, कूस बदलणें, उठवून बसविणें व औषधांची वही ठेवणें शिकवावें. जागा व कागदपत्रांचा खर्च धर्मग्राम करील. नांवें आजच मेळावा संपल्यावर माझ्याकडे द्यावीं.

आपल्या मुली परदेशांत परक्यांच्या आईबापांची सेवा मन लावून करतात, हा आपला अभिमान आहे. त्यांच्या स्वतःच्या आईबापांना येथें तेवढीच शहाणी सेवा मिळावी, हें पाहणें आपलें कर्तव्य आहे. तें पार पाडण्याची बुद्धि व बळ परमेश्वर आपणां सर्वांस देवो.